तंबू हेही गाळपेरीचंच पीक

पूर्वी आम्ही 'धरणावर जाऊ' म्हणायचो. आता 'लेकला जाऊ' म्हणतात. कामशेत मागे टाकून काले कॉलनीच्या रस्त्याला लागलं की पाट्या सुरू होतात: लेक व्ह्यू, लेक टच, लेकसाइड कॅम्पिंग, खाली मोबाइल नंबर आणि गिटार घेतलेल्या माणसाचं चित्र. शब्द बदलला याचं मला फारसं वाईट वाटत नाही. भाषेत कोण आलं, कोण गेलं याची नोंद ठेवायला आपण काही नाकेदार नव्हे. पण 'धरण' म्हटलं की ते कुणीतरी बांधलंय आणि त्यात कुणाचं तरी बुडालंय, एवढं न सांगता कळतं. 'लेक' म्हटलं की ते पाणी तिथं आधीपासूनच होतं असं वाटायला लागतं.

मावळातल्या पवना धरणाचं पाणी तिथं पन्नासेक वर्षांपासून आहे. तुंग, तिकोना, लोहगड, विसापूर या चार किल्ल्यांच्या मधली भाताची खाचरं १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला त्याखाली गेली. वाघेश्वराचं जुनं दगडी देऊळही गेलं. उन्हाळ्यात पाणी ओसरलं की ते अजून वर येतं, आणि मग त्याचे फोटो काढायला वेगळी गर्दी होते.

जानेवारीतल्या एका शनिवारी आम्ही चार कुटुंबं तिथं तंबूत राहिलो. माणशी बाराशे रुपये, त्यात चहा, भजी, रात्रीचं जेवण आणि सकाळचे पोहे. आमच्या डाव्या हाताला एक स्पीकर, उजव्या हाताला दुसरा, आणि पलीकडच्या काठावरचा तिसरा पाण्यावरून आणखी स्वच्छ ऐकू येत होता. अकरा वाजले तरी कुणी थांबेना. कोळशाच्या शेगडीवर पनीरच्या सळ्या फिरवणारा विशीतला मुलगा मात्र शांत होता. मी जवळ जाऊन बसलो तसा म्हणाला, "काका, तुमचा तंबू जिथं लावलाय ना, ते आमचं खाचर. ह्यो दगडाचा बांध आमच्या आज्यानी घातलेला."

मी टॉर्च मारून पाहिलं. खरंच, तंबूच्या मागे हातभर उंचीचा, गाळाने अर्धा बुजलेला दगडी बांध होता. तंबूच्या तीन खुंट्या त्या बांधातच ठोकलेल्या होत्या.

"मग कॅम्प तुझाच का?"

"नाय वो. मी रोजंदारीवर. मालक पुण्यात असतात."

या लेखात मला जे म्हणायचं आहे ते त्या तीन खुंट्यांपाशी सुरू होतं. पावसाळ्यात पाण्याखाली आणि हिवाळ्यात तंबूंखाली असते ती जमीन नक्की कुणाची? कागदावर उत्तर सोपं आहे: सरकारची. धरणाच्या पूर्ण संचय पातळीपर्यंतची, म्हणजे धरण भरल्यावर पाणी जिथवर पोचतं तिथवरची, सगळी जमीन संपादित झालेली असते. पण पाणी दिवाळीनंतर हळूहळू उतरायला लागतं आणि दर महिन्याला एक नवा पट्टा उघडा पडतो. या पट्ट्याला आपल्याकडे चांगलं नाव आहे, गाळपेर. ओलसर, सुपीक, खत न घालता पिकणारी जमीन. उजनीच्या आणि जायकवाडीच्या काठच्या लोकांना तो शब्द समजावून सांगावा लागत नाही. तिथं या जमिनी एका हंगामापुरत्या कसायला देण्याची सरकारी पद्धत जुनी आहे, आणि त्या देताना ज्यांची जमीन धरणात गेली त्यांचा हक्क आधी धरला जातो. गहू घ्या, हरभरा घ्या, पुढचा पाऊस आला की जागा सोडा.

म्हणजे तत्त्व सरकारनेच मान्य केलेलं आहे. पाण्याने घेतलेली जमीन पाण्याने काही महिने परत दिली, तर तिच्यावर पहिला हात मूळ मालकाचा. मग त्याच पट्ट्यावर हरभऱ्याऐवजी तंबू उगवले की हे तत्त्व कुठं जातं? हरभऱ्याला एकरी जे मिळणार ते तंबूंच्या दोन शनिवारांत सुटतं, म्हणून? माझं म्हणणं एवढंच आहे की तंबू हे गाळपेरीचंच पीक धरावं. हंगामी, पावसाआधी उचलायचं, आणि लावायचा पहिला हक्क धरणग्रस्तांचा.

यावर लगेच येणारं उत्तर मला ठाऊक आहे, कारण माझ्या मित्रांनी ते परतीच्या गाडीतच दिलं. म्हणे, त्यांना मोबदला मिळाला, विषय संपला. पवनेच्या बाबतीत विषय संपलेला नाही. महाराष्ट्राचा पुनर्वसनाचा पहिला कायदा १९७६चा, आणि हे धरण त्याच्या आधीचं. बाराशेच्या आसपास खातेदारांपैकी आठशेहून अधिक जणांच्या पर्यायी जमिनीचा प्रश्न पन्नास वर्षं लोंबकळत राहिला. मोर्चे, निवेदनं, आश्वासनं, पुन्हा मोर्चे. ज्यांनी जमीन दिली त्यांची नातवंडं आता अर्ज करतात. आणि ९ ऑगस्ट २०११ आपण विसरलो असलो तर आठवून पाहावा. पवनेचं पाणी बंद जलवाहिनीतून पिंपरी-चिंचवडला न्यायच्या योजनेविरुद्ध मावळचे शेतकरी द्रुतगती मार्गावर उतरले, पोलिसांनी गोळीबार केला आणि तिघे जण मेले. योजना त्यानंतर वर्षानुवर्षं स्थगित राहिली.

मी राहतो चिंचवडला. म्हणजे पवनेचं पाणी मी रोज पितो. धरणातून ते नदीत सोडतात, रावेतच्या बंधाऱ्यापाशी उपसतात, शुद्ध करतात आणि माझ्या टाकीत येतं. गोळीबारात मेलेल्या माणसांशी माझा एवढा तरी संबंध आहे. त्याच पाण्याच्या काठावर शनिवारी रात्री मी बाराशे रुपये देऊन झोपतो आणि पहाटे पत्र्याच्या शौचालयात जातो. त्या शौचालयाचा शोषखड्डा पाण्यापासून वीस-पंचवीस पावलांवर असतो, पूर्ण संचय पातळीच्या खाली. जूनमध्ये धरण भरायला लागलं की तो खड्डा पाण्यात जाणार. नंतर काय होणार ते शाळेतल्या जलचक्राच्या चित्राइतकं सोपं आहे, फक्त त्या चित्रात हा भाग काढलेला नसतो.

या सगळ्यावर प्रशासनाकडे आजवर दोनच औषधं दिसली आहेत. एक बंदी, दुसरं कंत्राट.

बंदीचं आधी. ३० जून २०२४ला लोणावळ्याच्या भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. प्रवाहाच्या मधोमध एकमेकांना धरून उभे राहिलेले ते लोक आपण सगळ्यांनी मोबाइलवर पाहिले, आणि पाहून पुढे पाठवले. लगेच जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश निघाला: पाण्यात उतरू नये, धोक्याच्या जागी जाऊ नये, सेल्फी काढू नये. पुढच्याच वर्षी १५ जूनला इंद्रायणीवरचा कुंडमळ्याचा जुना लोखंडी पूल गर्दीच्या वजनाने कोसळला आणि चार जण मेले. पुन्हा आदेश. अशा आदेशांनी काही जीव वाचत असतील, मी नाही म्हणत नाही. पण ती पावसाळ्यातली छत्री आहे. रविवारी पोलीस नाक्यावर उभे असतात तोवर ती उघडी, सोमवारी मिटली. आणि तिचा खरा फटका बसतो तो कणसं भाजणाऱ्या बाईला. पुण्याहून आलेला माणूस गाडी वळवून दुसऱ्या धरणावर जातो. तिला दुसरं धरण नसतं.

शिवाय बंदी लोकांना पाणी शिकवत नाही. आपल्याकडे धरणात बुडणारे बरेच जण गुडघाभर पाण्यातच उभे होते, असं नेहमी ऐकायला मिळतं, आणि ऐकणाऱ्याला ते खोटं वाटतं. त्याचं कारण तळाशी आहे. धरणाचा तळ समुद्रकिनाऱ्यासारखा हळूहळू उतरत नाही. मावळात तर तो खाचरांच्या पायऱ्यांनी उतरतो. एका खाचरात पाणी गुडघ्याला लागतं, पुढचं पाऊल बांधावरून खाली पडतं आणि तिथं डोक्यावरून जातं. वर पायाखाली गाळ. एक पाय सोडवायला जावं तर दुसरा रुततो. कुठं जुनी विहीर, कुठं नदीचं मूळ पात्र, जिथं पाणी एकदम गार लागतं. हे कुठल्याही फलकावर लिहिलेलं नसतं. फलकावर 'पाणी खोल आहे' एवढंच असतं. तळ कुठं कसा आहे हे सांगू शकणारी माणसं मात्र काठावरच राहतात, कारण तो तळ त्यांची शेती होती. त्या शेगडीवाल्या मुलाने मला रात्रीच बजावलं होतं, "सकाळी पोरांना ह्या अंगाला सोडू नका, दोन बांध उतरले का इहीर हाय." आमच्या बुकिंगच्या मेसेजमध्ये बोनफायरची वेळ होती, विहिरीचा उल्लेख नव्हता.

दुसरं औषध कंत्राट. धरणांच्या शेजारची सरकारी विश्रामगृहं आणि मोकळ्या जागा खासगी गुंतवणूकदारांना दीर्घ मुदतीच्या कराराने देऊन पर्यटन वाढवायचं, अशी ही दिशा आहे. रिकाम्या, गळक्या विश्रामगृहांबद्दल मलाही प्रेम नाही. पण करार दीर्घ मुदतीचे झाले की एक गोष्ट हमखास होते: काठाला कुंपण पडतं. मुळशीला, भंडारदऱ्याला, पवनेला आजच कितीतरी ठिकाणी पाण्यापर्यंत जायचं तर कुणाच्या तरी गेटमधून जावं लागतं. लोकांच्या जमिनीवर बांधलेल्या धरणाचं पाणी दिसायलाही तिकीट. साहसी पर्यटनासाठी राज्याचं २०२१चं धोरण आहे. त्याचा भर नोंदणी आणि सुरक्षिततेवर आहे, तो हवाच. पण काठ कुणाचा हा प्रश्न त्याच्या कक्षेतला नाही.

मुळशीचं नाव घेतलं म्हणून थोडं आडवळणाने जातो. १९२१ साली सेनापती बापटांच्या पुढाकाराने तिथं सत्याग्रह झाला, टाटांच्या वीजप्रकल्पासाठी जाणाऱ्या जमिनींसाठी. धरण झालंच. त्या सत्याग्रहाची शताब्दीसुद्धा होऊन गेली. या शंभर वर्षांत पाणी कुणाचं, वीज कुणाची, यावर आपण खूप भांडलो. काठाचा प्रश्न कुणी विचारला नाही, कारण तेव्हा काठाला किंमत नव्हती. चिखल, बाभळी, मच्छर. आता त्याच चिखलाला 'लेक टच' म्हणतात आणि तो फुटावर विकला जातो.

पूर्व विदर्भात गोष्ट वेगळी होती. भंडारा-गोंदियाचे मालगुजारी तलाव, म्हणजे सारा वसूल करणाऱ्या मालगुजारांच्या ताब्यातले तलाव, गावांनी आणि कोहळी समाजाच्या लोकांनी स्वतः बांधले. नवेगावबांधसारखा अवाढव्य तलाव माणसांच्या हातांनी उभा राहिला. तिथं पाणी कुणी कधी सोडायचं, मासे कुणी धरायचे, तलावाच्या पाळीची, म्हणजे बांधाची, दुरुस्ती कुणी करायची हे ठरलेलं असायचं. १९५०च्या कायद्याने मालगुजारी गेली, तलाव सरकारकडे गेले आणि त्या रिवाजांची घडीही पुष्कळशी विस्कटली. तरी तिथं तलावाच्या आधी गाव होतं आणि तलावानंतरही गाव राहिलं. पवनेला रिवाज करायला गावच उरलं नाही, ते पाण्याखाली. काठावर जे आहे ते उरलंसुरलं.

म्हणून 'स्थानिकांच्या हातात द्या' हे वाक्य मी सहज उच्चारणार नाही. स्थानिक म्हणजे कोणी संत नव्हेत. पवनेच्या काठचे काही कॅम्प गावातल्याच पोरांचे आहेत, आणि त्यांचे स्पीकर पुणेकरांच्या स्पीकरांपेक्षा काही हळू वाजत नाहीत. वरच्या अंगाच्या जमिनी गावकऱ्यांनीच विकल्या, कित्येकदा राजीखुशीने, मुलीच्या लग्नासाठी नाहीतर गाडीसाठी. पाटबंधारे खातं अतिक्रमणाच्या नोटिसा काढतं तेव्हा त्यात गावचीही नावं असतात. पण यात एक मेख आहे. आज कुणालाच खात्री नाही की पुढच्या वर्षी ही जागा आपल्याकडे असेल. जागेचा भरवसा नसेल तर जो तो याच शनिवारी ओरबाडणार. पक्कं शौचालय कोण बांधेल? झाडं कोण लावेल? गाळपेरीच्या पट्ट्यात हंगाम संपला तरी पुढच्या हंगामाला आपलाच नंबर आधी, हे कसणाऱ्याला ठाऊक असतं. म्हणून तो बांध फोडत नाही.

हे प्रत्यक्षात कसं दिसतं त्याचा थोडा अंदाज भिगवणला येतो. उजनीच्या फुगवट्याने भीमाकाठची शेती घेतली, पळसदेवचं देऊळ घेतलं. आणि त्याच उथळ पाण्यावर हिवाळ्यात रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, येतात, पट्टकादंब हंस येतात. कुंभारगाव, डिकसळच्या बाजूचे मच्छीमार सकाळी जाळी टाकतात आणि त्याच होडीतून माणसांना पक्षी दाखवायला नेतात. मला नेणाऱ्या नावाड्याने थव्यापासून बरंच लांब इंजिन बंद केलं आणि बांबूने होडी रेटत नेली. मी म्हटलं, अजून थोडं जवळ? तो म्हणाला, "उठले तर आज पुन्हा बसायचे न्हाईत. मागची होडी काय बघंल?" पर्यावरणाचं भाषण त्याने दिलं नाही. मागच्या होडीत त्याचा चुलतभाऊ होता, एवढंच. काठाशी ज्याचं रोजचं पोट बांधलेलं आहे तो असा विचार करतो. पुण्यात बसलेल्या मालकाला मागची होडी दिसत नाही.

पण उजनीचीच दुसरी बाजूही सांगायला हवी. २१ मे २०२४ला संध्याकाळी कुगावहून कळाशीकडे निघालेली प्रवासी होडी वादळात उलटली आणि सहा जण बुडाले. ते पर्यटक नव्हते. करमाळ्याकडून इंदापूरकडे जाणारी साधी माणसं, लहान मुलांसकट. धरणामुळे दोन काठांमधला रस्ता लांबला म्हणून होडीने जाणारी. भिगवणला मला नारिंगी जॅकेट घातल्याशिवाय होडीत बसू दिलं नव्हतं, आणि बरंच केलं. तेच जॅकेट त्याच धरणात रोज ये-जा करणाऱ्याच्या अंगावर का नसावं? अंतर्देशीय जलयानांचा नवा कायदा २०२१ला झाला, यांत्रिक होड्यांची नोंदणी आणि तपासणी त्यात आहे. ती तपासणी फक्त शनिवार-रविवारच्या होड्यांची होऊन चालणार नाही.

पवनेसारख्या पिण्याच्या पाण्याच्या धरणात तर मला पर्यटनासाठी इंजिनाची होडीच नको आहे. वल्ह्याची चालवा, कयाक चालवा. डिझेलचा तवंग आणि जेट-स्कीचा आवाज यांच्याशिवाय सुट्टी साजरी होत नसेल तर कोकणात समुद्र आहे. हे कुणाला जुनाट वाटेल. वाटू दे. रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद हा नियम २००० सालापासून देशभर आहे, तो किल्ल्यांच्या कुशीतही लागू होतो. त्यासाठी नवा आदेश नको, जुना वाचला तरी पुरे.

पैशाचं काय? गावाने तंबूंची संख्या ठरवायची, शौचालयं पूर्ण संचय पातळीच्या वर बांधायची, त्यांचा मैला टँकरने उचलायचा, दोन पोहणारे तरुण टायर आणि दोर घेऊन दिवसभर उभे ठेवायचे, उतरायची एक जागा झेंडे लावून आखायची, तर खर्च येणार. माझं उत्तर माझ्याच शहराला आवडणार नाही. त्यातला काही वाटा पिंपरी-चिंचवडने उचलावा. पाणीपट्टीत चार रुपये वाढले तरी आम्ही मरणार नाही. शुद्धीकरण केंद्रात घाण काढायला पैसे खर्च करतोच, ते घाण पडण्याआधी खर्च केले तर स्वस्तच पडतील. आणि तो गावावर उपकारही नसेल. आम्ही त्यांच्या खाचरांवर साठवलेलं साडेआठ टीएमसी पाणी पितो आणि वर रविवारी जाऊन त्याच खाचरांवर झोपतो.

सकाळी निघताना शेगडीवाला मुलगा तंबू गुंडाळत होता. खुंटी उपटताना बांधाचा एक दगड सुटून खाली घरंगळला. त्याने खुंटी बाजूला ठेवली, खाली उतरला, दगड उचलून आणला आणि होता तिथं बसवला. नीट बसेना तर खाली कपची लावून पुन्हा बसवला. मी विचारलं, आता कशाला, पाऊस आला की जाणारच ना पाण्यात?

"सवय वो," तो म्हणाला, आणि दुसऱ्या तंबूकडे वळला.